किश थांबते, सुफ्ले थांबत नाही

"अंडी बघताय, की मुलगी बघायला आलायत?"

मथुरेनं हे इतक्या ठसक्यात विचारलं, की टोपलीमागे बसलेली हौसा तोंडाला पदर लावून हसायला लागली. हौसा दर शनिवारी रत्नागिरीच्या बाजारात गावठी अंडी घेऊन बसायची. आज तिच्या टोपलीपुढे एक उंच, सावळा तरुण उकिडवा बसला होता. एकेक अंडं उचलायचा, उन्हाकडे धरायचा, कानाशी नेऊन हलवायचा आणि मान डोलावून बाजूला ठेवायचा. मागे मथुरा कधीची ताटकळत उभी. दिवाळी होऊन गेली तरी ऊन चटके देत होतं आणि तिचा पारा उन्हाच्याही वर चढला होता.

त्यानं मागे वळून पाहिलं. वळला तो वळलाच... अंडं हातात तसंच.

"मुलगी बघताना लोक एवढा विचार करत नाहीत," तो म्हणाला. "म्हणून तर पुढे पस्तावतात."

"झाला असेल विचार तर सरका. टोपली मी घेतेय. सगळी."

"सगळी? अहो, मलाही लागणार आहेत. एवढ्या अंड्यांचं करणार काय तुम्ही?"

मथुरेनं हनुवटी वर केली. "सुफ्ले."

त्याच्या हातातलं अंडं पडता पडता वाचलं.

आता एवढं दचकण्यासारखं ह्यात काय होतं, ते सांगायलाच हवं. साल पंच्याऐंशीचं. काशीरामशेठ म्हणून एक गृहस्थ, जन्मभर मुंबईला कॅन्टीन चालवून गावी परतलेले. त्यांनी मांडवीच्या समुद्रावर नवं हॉटेल बांधलं होतं. खोल्यांना अजून रंगाचा वास येत होता, तोवर पहिलं गिऱ्हाईक ठरलंसुद्धा! फ्रान्सची पाच-सहा माणसं, खडकांवरच्या शंख-शिंपल्यांचा अभ्यास करायला हिवाळाभर येऊन राहणार होती. मासे-भात आम्ही आवडीनं खाऊ, असं त्यांनी कळवलं होतं. पण मधूनमधून आमच्याकडची किश आणि सुफ्ले मिळाले, तर फार बरं वाटेल, असंही कळवलं होतं. शेठनं हे दोन शब्द जन्मात ऐकले नव्हते. पण माणूस मागे हटणारा नव्हे. त्यांनी गावात सांगून टाकलं, हे दोन पदार्थ जो करून दाखवील तो माझा मुख्य स्वयंपाकी, पुढच्या रविवारी या आणि रांधा.

मथुरेनं लगेच नाव दिलं. तिला दोन्हींतलं काही येत होतं का? छे! पण यायला लागेल, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आणि तिनं ठरवलं की ठरवलं.

तिला दुसरी वाटच नव्हती. लहानपणी आई गेल्यावर ती आत्याकडे आली, ती रत्नागिरीचीच झाली. आत्या येसूबाई कारकून आणि मास्तरांसाठी खानावळ चालवायची. गेली काही वर्षं खानावळीचा सगळा भार मथुरेच्याच खांद्यावर होता. आता येसूबाईच्या मुलानं मुंबईला जागा घेतली होती आणि आई तिकडे निघाली होती. खानावळ बंद. मथुरेच्या भावानं, भिकूनं, सावर्ड्याचं एक स्थळ जवळजवळ पक्कं करून ठेवलं होतं. मथुरेनं त्या नवऱ्या मुलाला एकदा पाहिलं होतं. चहा पिताना त्यानं बशीतून मान वर केली नव्हती, आणि वर केली तेव्हा 'हिला खानावळ-बिनावळ विसरायला लागेल' एवढंच बोलला होता.

"मी एकटी राहीन. नोकरी करीन," मथुरा भावाला म्हणाली होती.

"कोण देणार गो तुला नोकरी? दाखव आधी, मग बोल. सोमवारी न्यायला येतो."

"दाखवते," मथुरा म्हणाली होती. तर असं होतं ते.

बाजारात शेवटी हौसानंच निवाडा केला, टोपलीतली अंडी निम्मी-निम्मी वाटून टाकली. जाता जाता तो तरुण म्हणाला, "मी भागोजी. दाभोळचा. फ्रेंच कंपनीच्या जहाजावर स्वयंपाकी आहे. पुढच्या रविवारी मीही येतोय शेठकडे."

मथुरेची निम्मी आशा तिथेच गेली. पण तोंडावर दाखवील तर ती मथुरा कसली! "या की," ती म्हणाली, "कुणी अडवलंय?"

तिच्याकडे अंडी झाली, मैदा झाला, चीजचा डबाही मिळाला, पण भट्टी? घरात चुली दोन आणि स्टो एक. म्हणून दुपारी ती दाऊदचाचाच्या बेकरीत गेली. पाव निघून गेले की भट्टी संध्याकाळपर्यंत नुसती धगधगत असते, हे तिला ठाऊक होतं. आत शिरली, तर बाकावर कोण बसलेलं?

"पाठलाग करताय माझा?" मथुरेनं कमरेवर हात ठेवले.

"मी आधीपासून बसलोय. पाठलाग मागून येणारा करतो."

दाऊदचाचानं पिठाळलेले हात झटकले. "भट्टी एक, ताव एक. दोघांनी मिळून वापरा. भांडायचं असेल तर रस्त्यावर जा, माझे पाव बसतील."

मिळून वापरायची वेळ आली. खानावळीत जेवणाऱ्या इंग्रजीच्या मास्तरांना मथुरेनं आधीच विचारलं होतं. त्यांनी कुठेतरी वाचलेलं सांगितलं होतं, दोन्हींत अंडी, दूध, मैदा आणि चीज, आणि दोन्ही भट्टीत भाजायचे. म्हणजे एकच की! नावं दोन, पदार्थ एक, असा हिशेब करून तिनं सगळं एका पातेल्यात घातलं, रवीनं घुसळलं आणि भट्टीत ढकललं. बाहेर आलं ते खालून करपलेलं, वरून पाणचट.

भागोजीनं वाकून पाहिलं. हसू दाबायचा त्यानं मनापासून प्रयत्न केला, जमलं नाही.

"हसताय काय? काय वाईट आहे?"

"वाईट नाही. फक्त... ही किश नाही, आणि सुफ्लेही नाही."

"अंड्याचंच ना दोन्ही? मग फरक तो काय असणार एवढा!"

"खरवस येतो तुम्हाला?"

"कोकणातल्या मुलीला खरवस येतो का विचारताय?"

"मग किश म्हणजे तिखटमिठाचा खरवस समजा. पण मैद्याच्या पारीत बसवलेला. पारी थाळीत अंथरून आधी कोरी भाजायची. मग अंडी, दूध, साय एकत्र करून त्यात ओतायची, परतलेला कांदा आणि चीज घालायचं आणि मंद तावावर थिजू द्यायचं. कापली की सुरीला चिकटत नाही. गरम खा, गार खा, उद्या सकाळी खा. किश माणसासाठी थांबते."

"आणि तो दुसरा?"

"त्याला पारी नाही. लोण्यावर मैदा परतायचा, दुधात दाट शिजवायचा, त्यात बलक आणि चीज. पांढरं मात्र वेगळं काढायचं आणि असं फेटायचं, की भांडं डोक्यावर उपडं धरलं तरी सांडू नये. मग दोन्ही हलक्या हातानं एक करायचं. भट्टीत तो फुगतो... फुगतो... आणि भांड्याबाहेर डोकं काढतो. सगळा डोलारा हवेचा. बाहेर काढला की लगेच खायचा. गप्पा मारत बसलात, की बसलाच तो खाली. सुफ्लेसाठी माणसानं थांबायचं असतं, तो कुणासाठी थांबत नाही."

"म्हणजे रुसकं पोर," मथुरा म्हणाली.

"अगदी तसंच!" भागोजी इतका खूश झाला, की क्षणभर दोघंही एकमेकांकडे बघून हसली. मग मथुरेलाच भान आलं.

"हे मला का सांगताय? मी तुमच्या विरुद्ध उभी आहे."

"पातेलंभर अंडी वाया गेलेली बघवली नाहीत."

"एवढंच?"

"...सध्या एवढंच."

मथुरेनं तो 'सध्या' ऐकला. तिनं पातेलं घासायला घेतलं आणि नको तितकं घासलं.

मग रोज दुपारी दोघं बेकरीत. भागोजीचीही एक गोम निघालीच. त्याची पारी दगडासारखी व्हायची! जहाजावर ती बर्फाच्या खोलीतून तयार यायची, हातानं करायची सवयच नव्हती. मथुरेनं एक तुकडा दातांखाली धरला आणि गाल चोळला. "शेठचे उरलेसुरले दात पाडणार तुम्ही." मग तिनं आपल्या पद्धतीनं केली. पीठ घट्ट मळून, करंजीला लावतात तसा तुपाचा आणि तांदळाच्या पिठीचा साटा लावून, घड्या घालून लाटली. भट्टीतून निघाली ती पदर सुटलेली, बोट लावताच खुसखुशीत. भागोजी खातच राहिला.

"फ्रेंच माणूस हे खाईल तर परत जायचा नाही," तो म्हणाला.

"आणि दाभोळचा?"

बोलून गेली आणि जीभ चावली. भागोजीनं तोंडाशी नेलेला तुकडा खाली ठेवला. नुसतं पाहिलं. तेवढं पुरलं.

पण सुफ्ले काही मथुरेला वश होईना. तिचं पांढरं फुलायचंच नाही. हात भरून येईपर्यंत फेटलं तरी फेस पातळच. तिसऱ्या दिवशी ती रडकुंडीला आली, पण रडली नाही. फेकलं आणि पुन्हा नवीन अंडं फोडलं. भागोजी बराच वेळ नुसता तिच्या हातांकडे बघत होता.

"केसांना खोबरेल लावता?"

"म्हणजे काय? कोण लावत नाही इथे?"

"बट पुढे आली, की तुम्ही ती हातानं मागे सारता. मग तोच हात भांड्याला. पांढऱ्यात तेलाचं बोट गेलं, की ते जन्मात फुलायचं नाही."

मथुरेनं साबणानं हात धुतले, भांडं धुतलं, कोरड्या फडक्यानं पुसलं आणि फेटायला बसली. ह्या खेपेला पांढरं बघता बघता वर यायला लागलं. आणि नेमकी तेव्हाच ती मेली बट डोळ्यांवर आली! मथुरेनं फुंकर मारून पाहिली. मान झटकली. बट जाईना.

"थांबा... हात लावू नका," भागोजी म्हणाला. आणि बोटाच्या मागच्या बाजूनं, जरासुद्धा घाई न करता, त्यानं ती बट तिच्या कानामागे सारली.

मथुरेचा हात थांबला.

"फेटा," तो हळूच म्हणाला. "आता थांबलात तर बसेल."

ती फेटत राहिली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. दाऊदचाचा दोघांकडे पाठ करून, कारण नसताना, पावाच्या रिकाम्या फळ्या मोजत होता. त्या दिवशी मथुरेचा पहिला सुफ्ले फुगला. भांड्याच्या काठावर चांगला चार बोटं उभा राहिला, आणि तिघांनी तो चटचट बोटं भाजत उभ्यानंच खाल्ला.

हे असं गोड चाललेलं, आणि शनिवार आला. सरावाचा शेवटचा दिवस. मथुरा म्हणाली, "एक ध्यानात ठेवा. उद्या रावजीकाका गाऱ्हाणं घालणार आहेत."

रावजीकाका म्हणजे काशीरामशेठचे चुलते. नव्या घराची, नव्या होडीची, नव्या चुलीची सुरुवात करायची तर देवापुढे नारळ ठेवून त्याला मोठ्यानं साकडं घालायचं, ते गाऱ्हाणं. ते घालावं तर रावजीकाकांनीच. देवाचं नाव, वाडवडिलांचं नाव, बारा वाड्यांचे राखणदार, कुणाला म्हणून सोडायचे नाहीत. नारळाचं वाळून खोबरं होईल पण गाऱ्हाणं संपणार नाही, अशी त्यांची ख्याती. आणि मध्ये बोलायची कुणाची टाप नव्हती.

"गाऱ्हाणं संपल्याशिवाय शेठ घास तोंडात घालणार नाहीत," मथुरा म्हणाली. "तेव्हा तुमचा तो फुगोबा आधी भट्टीत घालू नका."

"तुम्ही हे मला का सांगताय?" भागोजीनं हसत विचारलं. "मी तुमच्या विरुद्ध उभा आहे."

"मला जिंकायचंय. पण तुम्हाला फसवून नाही."

तेवढ्यात दाऊदचाचा म्हणाला, "मथुरे, हे नाही जमलं तर सोमवारी भाऊ सावर्ड्याला नेणार म्हणे तुला?"

भागोजीचं हसू मावळलं. मथुरेनं काय ते दोन वाक्यांत सांगितलं. रडगाणं गाण्याचा तिचा स्वभाव नव्हता. "आणि तुम्ही?" तिनं विचारलं. "तुम्हाला नाही मिळालं तर?"

"मला काय... मुंबईला जायचं. तिथून जहाज." तो भट्टीतल्या निखाऱ्यांकडे बघत होता. "जमिनीवर राहायचं होतं एकदा. आई एकटी असते दाभोळला." मग जरा वेळानं, "पण जहाज आहे ना मला. तुम्हाला ते नाही."

तेव्हा मथुरेला त्या वाक्यात काही वावगं वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

रविवार उजाडला. शेठच्या नव्या स्वयंपाकघरात मुंबईहून आणलेल्या दोन चकचकीत गॅसच्या भट्ट्या. एक तिची, एक त्याची. दोघांच्या किश दुपारीच झाल्या आणि टेबलावर जाळीखाली शांत बसून राहिल्या. येसूबाई ओटीवर देव पाण्यात घालून बसल्यासारखी बसली होती. मग रावजीकाका आले. धोतर, टोपी, हातात नारळ. दाराशी पाट मांडला. सगळी मंडळी हात जोडून उभी राहिली.

"बा देवा भैरीबुवा, म्हाराजा!" काकांनी पहिलाच सूर असा लावला, की बाहेरच्या सुरूच्या झाडावरचे कावळे उडाले.

"व्हय म्हाराजा!" मंडळी म्हणाली.

आत मथुरेनं पांढरं फेटायला घेतलं. गाऱ्हाण्याला उत्तर न देणं पाप, आणि फेटणं थांबवणं त्याहून मोठं पाप. म्हणून ती स्वयंपाकघरातूनच ओरडत होती. "आज ह्या काशीरामान नवीन चूल मांडली हाय म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" आणि हात सपासप. "तिला कुणाची नजर-दृष्ट झाली असंल..." "व्हय म्हाराजा!" आणि हात सपासप. काका वाडवडिलांवर आले तेव्हा तिनं पांढरं मिसळलं. राखणदारांवर यायच्या आत भांडं भट्टीत गेलं आणि दार बंद झालं. काकांची एवढी गाऱ्हाणी ऐकली होती, की पुढे किती बाकी आहे हे तिला बरोबर कळत होतं.

घाम पुसत ती वळली, आणि जागच्या जागी थिजली.

भागोजी आपला सुफ्ले भट्टीतून काढत होता. आत्ता! काका अजून बारा वाड्यांतल्या पहिल्याच वाडीत होते. काय सुंदर झाला होता तो, सोनेरी, टोपीसारखा ताठ. भागोजीनं तो टेबलावर ठेवला, हात मागे बांधले आणि खिडकीबाहेर बघत उभा राहिला. सुफ्लेनं एक सुस्कारा सोडला. कडेनं सुरकुती पडली. मग मधोमध खळगा. बाहेर काका एकेका राखणदाराला हाक मारत होते, आणि आत तो बिचारा खाली खाली बसत गेला.

"हे काय केलंत?" मथुरा दबक्या आवाजात ओरडली.

"चुकलं. अंदाज चुकला."

"दाभोळच्या माणसाचा गाऱ्हाण्याचा अंदाज चुकतो? आणि काल मी सांगूनसुद्धा?"

त्यानं आपली भट्टी बंद केली. तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आणि मथुरेला सगळं कळलं. आधी डोळे भरून आले. लगेच पाठोपाठ असा राग आला, असा राग आला, की तिला त्याच खळग्यात त्याचं नाक बुडवावंसं वाटलं.

गाऱ्हाणं संपलं, नारळ फुटला, मंडळी आत आली. मथुरेचा सुफ्ले त्याच क्षणी भट्टीतून निघाला. शेठनं चमचा घातला, वाफ उसळली, तोंडातून नुसतं "अहाहा!" निघालं. पाचजणांनी तो पाच घासांत संपवला. मग सगळ्यांची नजर भागोजीच्या भांड्याकडे गेली. शेठचा चेहरा पडला. "अरेरे... हे रे काय? मग आता मथुरेलाच..."

"थांबा शेठ," मथुरा म्हणाली. "हा त्यांनी मुद्दाम पाडलाय."

ओटीवरून येसूबाईचा आवाज आला, "गप गो मथुरे! पोरगी खुळी झाली की काय?"

"खुळी नाही आत्ये. ह्यांना मला नोकरी दान करायचीय. मला दान नको." ती शेठकडे वळली. "शेठ, त्यांना पुन्हा करू द्या. नाहीतर माझंही नाव कापा."

"पोरी, नुकसान तुझंच व्हायचं," शेठ म्हणाले.

"नुकसान माझं ना? मग मी बघीन."

रावजीकाकांनी मिशीवर हात फिरवला. "म्हंजे माझ्या गाऱ्हाण्यानं पडला म्हणता हा?" पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

भागोजीनं पहिल्यांदा तिच्याकडे पाहिलं. "मथुरा..." पहिल्यांदाच नावानं हाक मारली त्यानं, आणि तीही सगळ्यांसमोर.

"अंडी तिथे आहेत," मथुरा म्हणाली. "आणि चांगला करा. मी बघतेय."

खरंच ती भट्टीपाशी पहारा देत उभी राहिली. त्यानं केला. आणि काय केला! मथुरेच्या सुफ्लेहून बोटभर उंच, कापसाहून हलका. मथुरेनं चमचा तोंडात घातला, आणि आता आपलं काही खरं नाही हे तिला कळून चुकलं. पण खोटं कसं बोलणार? "माझ्यापेक्षा चांगला झालाय," ती म्हणाली. येसूबाईनं कपाळावर हात मारला.

मग शेठनं किश कापली, आधी त्याची आणि मग तिची. दुपारपासून बसलेली तिची पारी अजून खुसखुशीत होती. शेठनं दुसरा तुकडा घेतला. काकांनी तिसरा. बघता बघता मथुरेची थाळी रिकामी झाली आणि भागोजीची अर्धी तशीच राहिली. शेठ बराच वेळ बोटं चाटत विचार करत बसले.

"सुफ्ले भागोजीचा. त्यात वाद नाही," ते शेवटी म्हणाले. "किश मथुरेची. त्यातही नाही. आता माझी गोष्ट ऐका. ही माणसं शिंपले शोधायला ओहोटीला खडकांवर जाणार आणि भरती चढली की परत येणार. रोजची वेळ निराळी. कधी येतील, भैरीबुवाला ठाऊक! मला रोज थांबणारं जेवण लागणार, आणि फुगणारं कधीमधी. ते कधीमधीचं मथुरेला पुरेसं येतं." त्यांनी हात पुसले. "मथुरे, उद्यापासून ये."

येसूबाई रडायला लागली. मथुरेनं शेठना वाकून नमस्कार केला, काकांना केला, आणि मान वर केली तेव्हा भागोजी तिथे नव्हता.

तो समुद्राकडच्या रस्त्यावर सापडला. खांद्याला पिशवी लावून एस्टी स्टँडच्या दिशेनं निघालेला. सूर्य कलला होता आणि रविवारची फिरायला आलेली माणसं रस्त्यानं जात-येत होती.

"चोरासारखे निघालात?" मथुरा धापा टाकत म्हणाली.

"अभिनंदन करणार होतो... पण तुमचा राग गेला नसेल, असं वाटलं."

"नाहीच गेलाय. माझी कीव करायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"कीव नव्हती ती."

"मग काय होतं?"

भागोजीनं पिशवीचा पट्टा सारखा केला. समुद्राकडे पाहिलं. परत पट्टा सारखा केला.

"भट्टीचं दार उघडायला घाबरत नाही, आणि तोंड उघडायला घाबरता?"

"प्रेम होतं," तो म्हणाला. "आहे. ती बट मागे सारली ना... त्याच्याही आधीपासून."

"मग हे असं तोंडावर सांगायचं असतं," ती म्हणाली. "हरून नाही सांगायचं. मला हरणारा माणूस नको, आणि माझ्यासाठी मुद्दाम हरणारा तर मुळीच नको."

"चुकलो."

"जहाज कधी?"

"ह्याच महिन्यात. परत यायला वर्ष तरी जाईल." त्यानं पिशवी खाली ठेवली. "तुला विचारायचं होतं... थांबशील का माझ्यासाठी?"

"नाही."

त्याचा चेहरा एकदम उतरला. मथुरेनं त्याला पुरता उतरूसुद्धा दिला नाही.

"आज हो म्हणायचं आणि वर्षभर लोकांनी, भावानं, सावर्ड्यानं माझं डोकं खायचं? ते मला जमायचं नाही. लग्न कर आणि जा, भागोजी. मग वर्ष लागू दे, नाहीतर दोन लागू देत. तुझी आई दाभोळला एकटी असते ना? तिला इथे माझ्याकडे आणून ठेव. मी नोकरी करीन, ती घर बघेल, आणि आम्ही दोघी तुझी वाट बघू."

भागोजी एक पाऊल जवळ आला. "पण तुझा भाऊ... तो काय म्हणेल?"

"भाऊ उद्या येतोय. त्याच्याशी मी बोलीन. तू फक्त उभा राहा. येशील?"

"येईन."

"नक्की?"

"मथुरा, मी मुंबईच्या गाडीला चाललोच नव्हतो," तो म्हणाला, आणि आता कुठे त्याच्या डोळ्यांत हसू आलं. "दाभोळची गाडी बघायला चाललो होतो. आईला विचारायला."

रस्त्यावरून मास्तर, कारकून, खानावळीत जेवणारी निम्मी मंडळी जात होती. उद्या गावात काय बोललं जाईल, हे मथुरेला पुरतं ठाऊक होतं. तरीही मथुरेनं भर रस्त्यात, सगळ्यांच्या देखत, त्याचा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "चल. आधी आत्येला सांगू."